पुसणारा प्रोग्राम लिंकपाशी थांबतो का, याची चाचणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सी ड्राइव्ह भरला की आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत एक ठरलेला उपाय केला जातो. हिशेबाचे किंवा स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर आपला डेटा सी ड्राइव्हवरच्या ठरावीक फोल्डरमध्येच ठेवते, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ ते फोल्डर डी ड्राइव्हवर हलवतो आणि जुन्या जागी त्याच नावाची एक खास लिंक तयार करून ठेवतो. विंडोजमध्ये या लिंकला जंक्शन म्हणतात. सॉफ्टवेअरला या बदलाचा पत्ता लागत नाही, काम पूर्वीसारखे चालू राहते आणि काही महिन्यांनी अशी लिंक तिथे आहे हे कार्यालयातले सगळेच विसरून जातात. हा उपाय चुकीचा नाही. ऑपरेटिंग सिस्टीमने ही सोय अशाच कामांसाठी दिलेली आहे. परंतु पुढे कधीतरी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना, किंवा ते काढून टाकताना, जुने फोल्डर साफ करणारा त्यातला प्रोग्राम त्या लिंकपाशी थांबतो की तिच्यातून पलीकडे जातो, यावर त्या कार्यालयाची कित्येक वर्षांची कागदपत्रे अवलंबून असतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करतो. या प्रश्नाकडे सॉफ्टवेअर तयार करणारे, ते विकत घेणारे आणि ते शिकवणारे असे तिघेही पुरेसे लक्ष देत नाहीत, असे माझे मत झाल्याने हे पत्र लिहीत आहे.

या विषयाशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकांसाठी आधी एक फरक स्पष्ट करतो. डेस्कटॉपवर जो शॉर्टकट असतो ती एक छोटी, साधी फाइल असते. तिच्यावर क्लिक केले की त्यातला पत्ता वाचून विंडोज आपल्याला योग्य जागी नेते. इतर बहुतेक प्रोग्रामच्या लेखी मात्र ती केवळ एक फाइल असते आणि ती पुसली तरी मूळ फोल्डरला धक्का लागत नाही. सिम्बॉलिक लिंक या अशाच दुसऱ्या प्रकारच्या लिंकचे आणि जंक्शनचे तसे नाही. तिथे पत्ता बदलण्याचे काम खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम करते, त्यामुळे प्रोग्रामने लिंकच्या नावाने एखादी फाइल मागितली की तो स्वतःच्या नकळत दुसऱ्या फोल्डरमध्ये, कधी दुसऱ्या ड्राइव्हवर पोहोचलेला असतो. ही सोय जुनी आहे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बर्कली शाखेत १९८३ साली आलेल्या ४.२बीएसडी या आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक होती. विंडोजमध्ये जंक्शन आले ते विंडोज २०००बरोबर, आणि युनिक्ससारखी सिम्बॉलिक लिंक त्यानंतर व्हिस्टामध्ये.

अडचण उद्भवते ती पुसण्याच्या पद्धतीमुळे. भरलेले फोल्डर एकदम पुसता येत नाही. प्रोग्राम त्याच्या आत जातो, तिथल्या फाइली पुसतो, आत आणखी फोल्डर असेल तर त्याच्याही आत जाऊन तेच करतो आणि सगळे रिकामे झाल्यावर बाहेरचे फोल्डर काढतो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक नावाविषयी तो ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, की हे फोल्डर आहे का. लिंकविषयी विचारले तर नेहमीच्या प्रश्नाला ‘होय, फोल्डर आहे’ असेच उत्तर मिळते, कारण ते उत्तर लिंकच्या टोकाला असलेल्या फोल्डरचे असते. युनिक्स आणि लिनक्समध्ये लिंक न ओलांडता खुद्द लिंकचीच चौकशी करणारा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागते. वाड्यातल्या सगळ्या खोल्या रिकाम्या करायला सांगितलेला माणूस मधल्या दारातून शेजारच्या वाड्यात शिरला आणि तिथलेही सामान बाहेर काढत सुटला, तर दोष एकट्या त्याचा नसतो. ते दार कुठे उघडते हे कसे ओळखायचे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

विंडोजमध्ये ही चौकशी आणखी नाजूक होते. सिम्बॉलिक लिंक आणि जंक्शन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींवर ‘रिपार्स पॉइंट’ अशी खूण असते, पण त्या खुणेखालचा टॅग, म्हणजे प्रकार सांगणारा क्रमांक, वेगळा असतो. पायथन या भाषेतले ‘ही लिंक आहे का’ असे विचारणारे नेहमीचे फंक्शन (भाषेतली तयार आज्ञा) जंक्शनच्या बाबतीत ‘नाही’ असे उत्तर देते. परिणामी त्या भाषेतले संपूर्ण फोल्डर पुसणारे प्रमाणित फंक्शन जंक्शन काढण्यापूर्वी त्याच्या पलीकडचा मजकूर पुसून टाकत असे. ही वागणूक ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीत बदलली, आणि जंक्शन ओळखण्यासाठी स्वतंत्र फंक्शन मिळायला २०२३ची ३.१२ ही आवृत्ती यावी लागली. यावर कुणी असा सोपा तोडगा सुचवील, की रिपार्स पॉइंटची खूण दिसली की ती लिंकच समजावी. तोही चालत नाही, कारण फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या वनड्राइव्हसारख्या सेवा आपल्या फाइलींवर आणि फोल्डरवर हीच खूण वापरतात, आणि मग ज्या फोल्डरचा बॅकअप घ्यायचा तेच प्रोग्राम लिंक समजून सोडून देतो. टॅग वाचूनच निर्णय घ्यावा लागतो.

लिंक केवळ तंत्रज्ञाने केल्या तरच असतात असेही नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे जुने नाव म्हणजे ‘युजर्स’ या फोल्डरकडे नेणारे जंक्शन आहे. जुन्या सॉफ्टवेअरची सोय व्हावी म्हणून अशी अनेक जंक्शने विंडोज स्वतःच तयार करते. त्यांपैकी ‘ॲप्लिकेशन डेटा’ या नावाचे एक तर ज्या फोल्डरमध्ये असते त्याच फोल्डरकडे परत नेते. सर्वसाधारण परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रामला विंडोज तिथली यादी पाहू देत नाही, म्हणून सहसा गोंधळ होत नाही. बॅकअपच्या विशेष अधिकाराने चालणारा प्रोग्राम मात्र त्यातून आत, पुन्हा आत, पुन्हा आत असा फिरत राहतो आणि बॅकअपच्या डिस्कवर एकात एक त्याच नावाच्या फोल्डरची साखळी तयार होते. ही साखळी नंतर एक्सप्लोररमधून पुसताही येत नाही, कारण तिचा पत्ता २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. फोल्डर कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी या आज्ञेला जंक्शन वगळण्यासाठी ‘/एक्सजे’ असा पर्याय आहे तो याचसाठी. कार्यालयांतल्या रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, तो पर्याय लिहिलेला आहे की नाही, हे सिस्टीम सांभाळणाऱ्यांनी कृपया आजच पाहावे.

याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. जानेवारी २०१५मध्ये स्टीम या गेम्सच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीविषयी एका वापरकर्त्याने जाहीर तक्रार नोंदवली. त्याने स्टीमचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून जुन्या जागी लिंक ठेवली होती, म्हणजे आपल्याकडे सी ड्राइव्ह भरल्यावर केले जाते तेच केले होते. स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टला स्वतःचे फोल्डर कुठे आहे हे शोधता आले नाही, त्या फोल्डरचा पत्ता साठवायची जागा रिकामी राहिली आणि ‘या पत्त्याखालचे सगळे पुसा’ या आज्ञेचा अर्थ ‘मुळापासूनचे सगळे पुसा’ असा झाला. त्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फाइली तर गेल्याच, शिवाय बॅकअपसाठी जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही रिकामी झाली. या प्रकरणातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पुसण्याच्या त्या ओळीजवळच प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. ओळ धोक्याची आहे हे त्याला कळत होते. ती भीती टीपेत राहिली. फोल्डर हलवलेले असताना काय होते, हे तपासणारी चाचणी कुणी लिहिली नाही.

दुसरे उदाहरण विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीचे आहे. ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकांना मिळू लागली आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले. ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरचे ठिकाण बदलून दुसरीकडे नेले होते, परंतु जुन्या ठिकाणीही काही फाइली राहू दिल्या होत्या, त्यांच्या जुन्या ठिकाणच्या फाइली नाहीशा झाल्या. इथे लिंक नव्हती, केवळ ठिकाणाची नोंद बदललेली होती, तरी प्रश्नाचा गाभा तोच आहे: एका नावाच्या मागे दोन जागा. आधीच्या आवृत्तीमुळे अशा लोकांच्या संगणकावर त्याच नावाचे रिकामे जोडफोल्डर उगवत होते. ते काढून टाकण्यासाठी नवा कोड लिहिला गेला आणि तो प्रत्यक्षात रिकामे नसलेले फोल्डरही काढू लागला. ही आवृत्ती बसवलेल्या ठिकाणांपैकी एक शतांश टक्का ठिकाणांहून अशा तक्रारी आल्याचे कंपनीने सांगितले. प्रमाण लहान वाटते, पण ज्याची छायाचित्रे गेली त्याला या प्रमाणाचा काय उपयोग? शिवाय ही आवृत्ती सर्वांना देण्यापूर्वी ज्यांना चाचणीसाठी दिली होती, त्यांच्यापैकी काहींनी हा दोष आधीच कळवलेला होता. आलेल्या अभिप्रायांच्या गर्दीत तो वर आला नाही. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अभिप्राय नोंदवताना दोषाची तीव्रता सांगण्याची सोय केली, आणि आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा खुली केली.

काही वेळा प्रोग्राम योग्य प्रश्न विचारतो, बरोबर उत्तर मिळवतो आणि तरीही फसतो. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट या भाषेत फोल्डर पुसणारे जे प्रमाणित फंक्शन आहे, ते लिंक ओलांडत नाही असे त्याच्या माहितीत लिहिलेले होते आणि तशी तपासणीही कोडमध्ये होती. परंतु ‘ही लिंक नाही, फोल्डर आहे’ हे उत्तर मिळणे आणि प्रत्यक्ष आत शिरणे यांच्यामधल्या क्षणात दुसऱ्या कुणी ते फोल्डर काढून तिथे लिंक ठेवली, तर पुसण्याचे काम लिंकच्या पलीकडे जात असे. मोठ्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम जेव्हा साध्या वापरकर्त्याला लिहिता येणारे फोल्डर साफ करतो, तेव्हा या फटीचा हत्यारासारखा उपयोग करता येतो. सुरक्षेतल्या दोषांच्या सीव्हीई या जाहीर यादीत हा दोष सीव्हीई-२०२२-२१६५८ या क्रमांकाने नोंदला गेला आणि २० जानेवारी २०२२ रोजी आलेल्या १.५८.१ या आवृत्तीत दुरुस्त झाला. २०१५च्या १.० या पहिल्या आवृत्तीपासून तो तिथे होता. दुरुस्ती कशी केली हेही समजून घेण्यासारखे आहे. फोल्डर एकदा उघडायचे, उघडतानाच ‘लिंक असेल तर उघडू नकोस’ असे ऑपरेटिंग सिस्टीमला बजावायचे, आणि पुढचे सगळे काम नावाने न करता त्या उघडलेल्या फोल्डरच्या हँडलच्या, म्हणजे उघडताना ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेल्या खुणेच्या, आधारे करायचे. मग मध्ये कुणी नाव बदलले तरी फरक पडत नाही. लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत २०२० साली आलेल्या नव्या सिस्टीम कॉलने (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे करायच्या मागणीने) तर ‘या फोल्डरच्या बाहेर जाऊच नको’ असे थेट सांगता येते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही मे २०२४मध्ये असाच एक गंभीर दोष दुरुस्त झाला. अक्षरांचा लहानमोठेपणा न मानणाऱ्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेवर) लिंकचा वापर करून, केवळ एखादे रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, उतरवून घेणाऱ्याच्या संगणकावर परका कोड चालवता येत होता.

आता चाचणीविषयी, कारण माझे खरे सांगणे तिथे आहे. पुसणारा, हलवणारा, कॉपी करणारा किंवा झिप उघडणारा कोणताही प्रोग्राम लोकांच्या हाती देण्यापूर्वी तो खऱ्या लिंकवर चालवून पाहिला पाहिजे, आणि ही चाचणी कोडमध्ये बदल होईल त्या प्रत्येक वेळी आपोआप झाली पाहिजे. चाचणी लिहिणे अवघड नाही. तात्पुरत्या जागेत दोन फोल्डर शेजारी शेजारी तयार करावेत. एक पुसण्यासाठी, दुसरे राखणीसाठी. राखणीच्या फोल्डरमध्ये ओळखीचा मजकूर असलेली एक फाइल ठेवावी. पुसायच्या फोल्डरच्या आत, दोनतीन पातळ्या खाली, राखणीच्या फोल्डरकडे नेणारी लिंक करावी. मग आपला प्रोग्राम चालवावा. पहिले फोल्डर गेले आहे, लिंकही गेली आहे आणि राखणीची फाइल जागेवर असून तिच्यातला मजकूर अक्षरशः तोच आहे, या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. अनेकजण फक्त पहिली गोष्ट तपासतात, आणि राखणीची फाइल गेली असली तरी अशी चाचणी उत्तीर्ण होते. त्यानंतर, हे मी आग्रहाने सांगतो, लिंक ओळखणारी ओळ कोडमधून मुद्दाम काढून तीच चाचणी पुन्हा चालवावी. तेव्हा ती अनुत्तीर्ण झाली नाही तर तिचा काहीच भरवसा नाही.

याच चाचणीची काही रूपे हमखास विसरली जातात. लिंक आत कुठेतरी नसून पुसायला दिलेला पत्ता स्वतःच लिंक असला तर काय करायचे, हे आधी ठरवावे लागते. शिवाय युनिक्समध्ये त्या पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ असली, तर लिंकची चौकशी करणारा प्रश्नही लिंक ओलांडून पलीकडचे उत्तर आणतो. लिंक आपल्याच वरच्या फोल्डरकडे नेणारी असेल तर काम संपते की फिरत राहते, हेही पाहावे. ज्या लिंकच्या टोकाचे फोल्डर आधीच नाहीसे झाले आहे, तिच्याविषयी ‘अस्तित्वात आहे का’ असे विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येते, प्रोग्राम तिला सोडून पुढे जातो आणि शेवटी बाहेरचे फोल्डर ‘रिकामे नाही’ म्हणून पुसले जात नाही. मॅकवर तर तात्पुरत्या फाइलींची नेहमीची जागाच लिंकमागे असते, त्यामुळे पत्ते जुळत नाहीत म्हणून चाचण्या अडतात. मग घाईत असलेला प्रोग्रामर सगळे पत्ते आधीच त्यांच्या अंतिम रूपात बदलून घेतो, चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, होतात, आणि वाटेत लिंक होती ही माहितीच हरवून जाते.

माझ्या मते सर्वांत घातक प्रकार वगळलेल्या चाचण्यांचा आहे. विंडोजवर सिम्बॉलिक लिंक तयार करायला विशेष अधिकार लागतो. २०१७पासून विंडोज १०मध्ये डेव्हलपर मोड ही प्रोग्रामरसाठीची सोय चालू केल्यास त्या अधिकाराशिवायही ती करता येते, परंतु तो सगळीकडे चालू नसतो. म्हणून लिंकच्या चाचण्यांच्या सुरुवातीला ‘लिंक करता येत नसेल तर ही चाचणी वगळा’ अशी अट लिहिण्याची पद्धत रूढ आहे. ती लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु परिणाम असा होतो, की लिनक्सवर सगळ्या चाचण्या धावतात, विंडोजवर नेमक्या लिंकच्या चाचण्या वगळल्या जातात आणि अहवालाच्या पहिल्या पानावर दोन्हींपुढे सारखीच हिरवी खूण दिसते. आपल्याकडच्या कार्यालयांतले बहुसंख्य संगणक विंडोजचे आहेत. तिथे जंक्शन तयार करायला कोणताही विशेष अधिकार लागत नाही, त्यामुळे धोका तिथे रोजचा आहे आणि चाचणी मात्र नाही. उपाय हाताशी आहे. विंडोजवरच्या चाचणीत सिम्बॉलिक लिंकऐवजी जंक्शन करावे; ते साध्या वापरकर्त्याच्या खात्यातूनही होते. आणि आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत निदान एक विंडोज संगणक असा ठेवावा, की जिथे लिंकची चाचणी वगळली गेली तर तो निकाल अनुत्तीर्ण धरला जाईल. मेमरीतल्या खोट्या फाइल सिस्टीमवर चालणाऱ्या चाचण्या वेगवान असतात आणि इतर कामांसाठी त्या मी स्वतः आनंदाने वापरतो, परंतु या प्रश्नाचे उत्तर त्या देऊ शकत नाहीत, कारण जंक्शनची खरी वागणूक त्यांच्यात बहुधा नसतेच.

चाचणीचा स्वतःचा धोकाही ओळखला पाहिजे. प्रत्येक चाचणीनंतर तात्पुरते फोल्डर साफ करणारा कोड असतो, आणि तोही शेवटी पुसणारा प्रोग्रामच आहे. चाचणी मधेच अडली तर तिने तयार केलेले जंक्शन मागे राहते, आणि साफसफाई त्यातून पलीकडे जाऊ शकते. म्हणून लिंकचे टोक कधीही प्रोग्रामरच्या खऱ्या फोल्डरकडे नसावे, राखणीचे फोल्डरही तात्पुरत्या जागेतच असावे, साफसफाईत सर्वांत आधी लिंक काढाव्यात आणि शक्य असेल तिथे हे सगळे काम संपल्यावर फेकून देता येईल अशा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकावर, करावे. कंटेनर (प्रोग्राम उरलेल्या संगणकापासून वेगळा चालवण्याची बंदिस्त जागा) वापरणाऱ्यांनी त्यात जोडलेले बाहेरचे फोल्डर विसरू नये. ते लिंक म्हणून ओळखले जात नाही, तरी पुसणारा प्रोग्राम त्यातून थेट यजमान संगणकाच्या डिस्कवर पोहोचतो.

मराठीत नावे देणाऱ्या कार्यालयांसाठी एक खास बाब इथे सांगितली पाहिजे. लिंकचे टोक परवानगी दिलेल्या फोल्डरच्या आत आहे की बाहेर, हे अनेक प्रोग्राम दोन पत्त्यांची अक्षरे जुळवून ठरवतात. ‘ग्राहक’ आणि ‘ग्राहक२’ ही दोन स्वतंत्र फोल्डर असताना सुरुवातीची अक्षरे सारखी म्हणून दुसरे पहिल्याच्या आत समजले जाते, हा नेहमीचा दोष झाला. ‘सातबाऱ्याच्या प्रती’ या नावात त्याहून सूक्ष्म अडचण आहे. त्यातला ‘ऱ’ युनिकोड या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम त्यांना दोन वेगळी नावे मानते, मॅकची एपीएफएस एकच मानते. त्यामुळे अक्षरे जुळवणारी तपासणी एका संगणकावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरू शकते. प्रत्येक फोल्डरला ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेला ओळखक्रमांक असतो. तुलना त्याची करावी, आणि चाचणीच्या नमुन्यांत ‘ऱ’ असलेली नावे आवर्जून घालावीत. आपल्या भाषेतल्या नावांची ही काळजी आपण घेतली नाही, तर दुसरे कोण घेणार?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकांत लिंक तयार करण्याबरोबर लिंक असलेले फोल्डर पुसण्याचा प्रोग्राम विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा आणि त्याची चाचणीही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना लिंकची व्याख्या उत्तम येते, हे मी पाहतो. पुसताना काय होते हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी करून पाहिलेले असते. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या बँका, पतसंस्था, नगरपालिका आणि शाळा यांनी खरेदीच्या अटींत एक ओळ घालावी: डेटाचे फोल्डर जंक्शनमागे असताना आवृत्ती बदलणे आणि सॉफ्टवेअर काढून टाकणे या दोन्हींची चाचणी विंडोजवर केल्याचा अहवाल पुरवठादाराने द्यावा, आणि त्यात वगळलेल्या चाचण्यांची संख्या उत्तीर्णांपासून वेगळी दाखवावी. यासाठी पुरवठादाराला मोठा खर्च नाही.

तोवर कार्यालयांना स्वतःहून करता येण्याजोगे थोडे सांगतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआयआर’ या आज्ञेला ‘/एएल /एस’ हे पर्याय जोडले, की त्या फोल्डरखालच्या सगळ्या लिंक आणि जंक्शने त्यांच्या टोकाच्या पत्त्यासह दिसतात. विंडोजने स्वतः केलेल्यांना हात लावू नये. तंत्रज्ञाने केलेल्यांची यादी कागदावर लिहून संगणकाजवळ लावावी. एखादे जंक्शन काढायचेच असेल तर ‘आरडी’ ही आज्ञा ‘/एस’ न जोडता, केवळ जंक्शनचे नाव देऊन वापरावी, म्हणजे जंक्शन जाते आणि पलीकडचा डेटा राहतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, बॅकअपची डिस्क काढून ठेवावी, आणि ही यादी पुरवठादाराला लेखी कळवून त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत आवृत्ती बसवू देऊ नये.

आपला,
एक सॉफ्टवेअर चाचणी अभियंता, पुणे